गाडी बुडेना तेव्हा : ‘सायको’विषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आल्फ्रेड हिचकॉकच्या ‘सायको’ (१९६०) या चित्रपटाबद्दल प्रश्न मागवले होते. काही वाचकांनी ‘एवढी भीती का वाटली’ असं विचारलं आहे, तर काहींनी ‘काहीच का नाही वाटली’ असं. चित्रपट पाहिला नसेल तर हे पान मिटून ठेवा. इथे शेवट उघड केला आहे.

पाहून बरीच वर्षं झाली असतील त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात नोकरी करणारी मॅरियन क्रेन (जॅनेट ली) मालकाने बँकेत भरायला दिलेले ४०,००० डॉलर घेऊन पळते. पावसात रस्ता चुकते आणि एका ओसाड मोटेलात उतरते. तिथला लाजाळू तरुण नॉर्मन बेट्स (अँथनी पर्किन्स) तिला खाऊ घालतो. त्याच रात्री आंघोळ करताना तिचा खून होतो. नॉर्मनच्या म्हाताऱ्या आईने तो केला असं आपल्याला वाटत राहतं. पण आई कधीच मेलेली आहे. तिचे कपडे आणि तिचा आवाज नॉर्मनच वापरतो.

प्रश्न : नातवाने मोबाइलवर लावून दिला. एवढं नाव ऐकलं होतं, म्हणून नेटाने शेवटपर्यंत पाहिला. पाऊण तास एक बाई गाडी चालवते, मग खून, मग नुसती चौकशी. एकदाही दचकलो नाही. तेव्हाचे लोकच भित्रे होते काय? – एक निवृत्त वाचक, सातारा

तेव्हाचे लोक भित्रे नव्हते, अजाण होते. बाथरूममधल्या खुनाची नक्कल तुम्ही आजवर जाहिरातींत, विनोदी मालिकांत, कार्टूनमध्येही पाहिली असेल. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पोस्टरवर झळकणारी नायिका पन्नास मिनिटं व्हायच्या आत मरते, हे त्या प्रेक्षकाच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं. म्हणूनच हिचकॉकने थिएटरवाल्यांना अट घातली होती की खेळ सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही. अमेरिकेत तेव्हा लोक मधूनच आत शिरायचे आणि पुढच्या खेळात राहिलेला भाग पाहायचे. तासाभराने आलेला माणूस पडद्यावर जॅनेट लीला शोधत बसला असता.

तुमच्या दचकण्याला मोबाइलनेही सुरुंग लावला असणार. हा चित्रपट आवाजाच्या चढउतारावर उभा आहे आणि मोबाइलच्या स्पीकरला हळू आणि मोठा यांतलं अंतर सांभाळता येत नाही. पुन्हा पाहणार असाल तर टीव्हीवर पाहा आणि आधी तीन गोष्टी करा. पहिली, हालचाल गुळगुळीत दाखवणारी मोशन स्मूदिंगची सोय बंद करा. ती चालू असली की कुठलाही जुना चित्रपट दुपारच्या मालिकेसारखा दिसतो. ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड असेल तर तो लावा. दुसरी, आवाजाचा ‘नाइट मोड’ आणि संवाद मोठे करणारी सोय बंद करा. या सोयी किंकाळी आणि कुजबुज एकाच उंचीवर आणतात. तिसरी, आवाजाची पातळी श्रेयनामावलीच्या संगीतावर ठरवू नका. ते संगीत कर्कश आहे, ते ऐकून तुम्ही आवाज कमी कराल आणि पुढे बोलणं ऐकू येणार नाही. मॅरियन आणि नॉर्मन पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत बसून बोलतात, तो प्रसंग आधी लावून तिथलं बोलणं समोरच्या खुर्चीतून आल्यासारखं वाटेल इतका आवाज ठेवा. मग मागे जाऊन सुरुवातीपासून पाहा आणि रिमोटला हात लावू नका. मूळ ध्वनी मोनो आहे, त्यामुळे मागच्या स्पीकरमधून काही येत नाही म्हणून शोधाशोध नको.

राहिला तो कंटाळवाणा पाऊण तास. तो कापला तर पुढचं सगळं कोसळतं. त्या वेळात चित्रपट तुम्हाला पैशांच्या मागे लावतो. काळ्या चष्म्याचा पोलीस खिडकीत डोकावतो, ती घाईघाईने स्वतःची गाडी देऊन वर ७०० डॉलर मोजून दुसरी घेते, आणि रस्त्यापलीकडे तोच पोलीस उभा राहून पाहतो. म्हणजे गाडी बदलून उपयोग शून्य. तुम्ही मनात हिशोब करता की आता ही सापडेल का. खुनानंतर कॅमेरा तिच्या उघड्या डोळ्यावरून निघतो, शेजारच्या खोलीत जातो, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या पैशांवर थबकतो आणि मग खिडकीतून टेकडीवरच्या घराकडे बघतो. ज्याची काळजी केली ते पैसे आता कुणालाच नको आहेत. पायाखालची फळी काढून घेणं म्हणतात ते हे.

प्रश्न : नॉर्मन मॅरियनची गाडी प्रेतासकट दलदलीत ढकलतो. ती बुडता बुडता मधेच थांबते. त्या क्षणी माझ्या तोंडून चक्क ‘बूड ना!’ असं निघालं. मग स्वतःचीच लाज वाटली. माझं काही चुकतंय का? – महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पुणे

काही चुकत नाही. तुमच्या तोंडून ते वाक्य काढण्यासाठीच आधीची आठ-दहा मिनिटं खर्च केली आहेत. आमच्या मते चित्रपटातली सर्वांत थोर जागा बाथरूमची नव्हे, हीच.

खून झाला की तुमच्याजवळ उरतं कोण? जिच्यासोबत आलात ती गेली. तिची बहीण आणि प्रियकर दूर आहेत. पडद्यावर एकटा नॉर्मन आहे, आणि तो काय करतो तर साफसफाई. मॉप आणतो, हात धुतो, टब पुसतो, फरशी पुसतो, टॉवेलने कोपरे टिपतो. पडद्यात प्रेत गुंडाळतो. सामान भरतो, खोलीवर शेवटची नजर टाकतो. जवळजवळ सगळं संवादाशिवाय आणि फारशी काटछाट न करता. घरकाम मन लावून करणाऱ्या माणसाकडे बघताना आपण नकळत त्याच्या बाजूचे होतो, कोपऱ्यात डाग राहिला तर आपल्यालाच खुपतो. वर्तमानपत्राची गुंडाळी राहिलेली दिसते तेव्हा ‘अरे, ते राहिलं’ असं मनात येतं की नाही? तो ती उचलतो आणि आत काय आहे हे न बघताच डिकीत टाकतो. ४०,००० डॉलर गेले!

मग दलदल. गाडी गुडगुडत खाली जाते आणि पांढरं छत वर असताना थबकते. नॉर्मन काहीतरी चघळत उभा आहे, चघळणं थांबतं. तो इकडेतिकडे पाहतो. काही क्षणांनी गाडी पुन्हा उतरायला लागते, त्याच्या चेहऱ्यावर हसू येतं आणि तुमचाही श्वास सुटतो. त्या सुटलेल्या श्वासात तुम्ही त्याचे साथीदार झालात.

हे जमावं म्हणून निवड आधीच केलेली आहे. रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९च्या मूळ कादंबरीतला नॉर्मन चाळिशीचा, जाडा, चष्मेवाला, दारू पिणारा आहे. त्याची गाडी बुडावी असं कुणालाही वाटलं नसतं. पटकथाकार जोसेफ स्टेफानो आणि हिचकॉक यांनी तो देखणा, सडपातळ, बोलताना अडखळणारा केला. चघळत राहण्याची कल्पना खुद्द पर्किन्सची.

एक प्रयोग करून बघा. ज्याने चित्रपट पाहिलेला नाही अशा मित्राला सोबत घ्या, आणि गाडी थांबते तेव्हा पडद्याकडे नव्हे, त्याच्या हातांकडे पाहा.

प्रश्न : मी व्हायोलिन शिकते. त्या खुनाच्या वेळी जे किंचाळतं ते व्हायोलिनच आहे हे खरं का? कसं काढतात? – मिरज

खरं आहे. संगीतकार बर्नार्ड हर्मनने पूर्ण चित्रपटाला फक्त गजाची तंतुवाद्यं वापरली. व्हायोलिन, व्हायोला, चेलो, डबल बास, बस्स. पितळी वाद्यं नाहीत, बासऱ्या नाहीत, ताल धरायला ड्रम नाहीत. चित्र कृष्णधवल आहे तर संगीतही कृष्णधवल हवं, असं त्याचं म्हणणं होतं. भयपटात तेव्हा तुताऱ्या आणि नगारे वाजायचे, त्या काळात हा उलटा डाव होता.

त्या तुकड्यात व्हायोलिन अगदी वरच्या टोकाला सुरू होतात. एकच सूर, प्रत्येक ठोक्याला गज नव्याने दाबून ओढलेला. मग एकेक गट खालून जोडला जातो आणि प्रत्येकाचा सूर आधीच्याला खेटून असतो, वेगळ्या सप्तकात. हार्मोनियमवर करून बघा : खालचा शुद्ध नी सोडून मधल्या सप्तकातला सा धरा आणि त्याबरोबर त्याच सप्तकातला वरचा शुद्ध नी दाबा. त्यातली कुरकुर जाणवेल. हेच अनेक थरांत, अनेक वाद्यांवर आणि जोरात. पुढे सूर खालून वर घसरत येतात, म्हणजे मींड आहे पण तोडून फेकलेली. त्यामुळे ते पक्ष्याच्या किंकाळीसारखं वाटतं, आणि नॉर्मनच्या खोलीतले पक्षी आठवतात. खून संपला की सगळं एकदम खाली, चेलो आणि बासच्या जड ठोक्यांवर येतं.

शिकणाऱ्याच्या उपयोगाची गोष्ट म्हणजे बाकीचा बहुतेक चित्रपट म्यूट लावून वाजवलेला आहे, घोडीवर बसवतात तो चिमटा. आवाज दबलेला, कोरडा राहतो. खुनाच्या वेळी म्यूट काढलेले आहेत. पाऊण तास कापडाआडून ऐकलेलं वाद्य अचानक उघडं होतं. तुम्ही वाजवून पाहिलंत आणि तो परिणाम आला नाही तर बहुधा म्यूट लागलेला असेल, किंवा गज तारेवर आधी न टेकवता हवेतून आणत असाल. गज तारेवर ठेवा, दाबा, मग ओढा.

आणि संगीत कुठे नाही, तेही ऐका. नळ सोडल्यापासून पडदा ओढला जाईपर्यंत नुसतं पाणी. पडद्यामागून सावली जवळ येते तेव्हाही पाणीच. हिचकॉकला तर खुनालाही संगीत नको होतं. हर्मनने तरीही लिहिलं, ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं.

प्रश्न : सुरी अंगात शिरताना खरंच दिसते का? आमच्यात पैज लागली आहे. – नागपूर

शिरताना दिसत नाही. पाते, पोट, तोंड, हात, पाणी, पुन्हा पाते असे तुकडे इतक्या वेगाने येतात की भोसकण्याचं चित्र तुमचं तुम्ही जोडता. एका जागी पात्याचं टोक पोटाला टेकलेलं क्षणभर दिसतं. तो तुकडा उलटा चित्रित केला : सुरी आधी टेकवून मागे ओढली आणि फिल्म उलट चालवली. पैज कुणाची बुडाली ते तुम्ही ठरवा.

आकड्यांवरूनही भांडण होतं, म्हणून सांगून ठेवतो. ७८ वेळा कॅमेरा मांडला आणि ५२ कट आहेत असं सांगितलं जातं, पण मोजणी कुठून कुठपर्यंत करता त्यावर आकडा हलतो. प्रत्यक्ष हल्ला पाऊण मिनिटाच्या आसपास आहे, आणि त्यासाठी डिसेंबर १९५९मध्ये चित्रीकरणाचे सात दिवस गेले. ज्या दिग्दर्शकाने बाकी चित्रपट दूरदर्शन मालिकेच्या चमूला घेऊन, मालिकेच्या झपाट्याने उरकला, त्याने या एका जागी आठवडा घालवला. चौकट न् चौकट आधी रेखाटणाऱ्यांत सॉल बास हा डिझायनर होता, श्रेयनामावलीच्या धावत्या पट्ट्याही त्याच्याच.

आणखी काही. काही तुकड्यांत जॅनेट लीच्या जागी मार्ली रेनफ्रो ही मॉडेल आहे. पर्किन्स तेव्हा न्यूयॉर्कमध्ये नाटकाच्या तालमीत होता. पडद्यामागची आकृती मार्गो एपर या स्टंट करणाऱ्या तरुणीची आहे, प्रकाशात चेहरा उजळू नये म्हणून तो काळा केलेला. वरून येणारी पाण्याची धार सरळ कॅमेऱ्यावर येते, तरी भिंग ओलं होत नाही : लांब भिंग लावून कॅमेरा मागे ठेवला आणि शॉवरच्या मधल्या भोकांचं पाणी बंद केलं, त्यामुळे धारा बाजूने गेल्या. भोसकण्याचा आवाज कसाबा नावाच्या खरबुजाचा. रक्त म्हणजे चॉकलेटचं सिरप, काळ्यापांढऱ्यात ते रक्ताच्या रंगापेक्षा रक्तासारखं दिसतं.

प्रश्न : रंगीत चित्रपट सर्रास निघत असताना हा कृष्णधवल का? – जळगाव

पैसे आणि रक्त. खर्च सुमारे ८ लाख डॉलर, हिचकॉकच्या त्या काळच्या मानाने किरकोळ. पॅरामाउंट या स्टुडिओला हा विषय नको होता, म्हणून त्याने नेहमीचं मानधन न घेता नफ्यातला मोठा वाटा मागितला आणि पुढे गडगंज झाला. शिवाय पांढऱ्या टबातलं लाल रक्त लोकांना सोसवलं नसतं, असं त्याने स्वतः सांगितलं आहे. कुणी संगणकाने रंगवलेली प्रत दिली तर नमस्कार करून परत करा.

प्रश्न : बाथरूमपेक्षा मला जिन्यावर जास्त भीती वाटली. वर कुणीतरी आहे हे तर माहीत असतं! मग? – नाशिक

माहीत असतं म्हणूनच. हिचकॉक हा फरक टेबलाखालच्या बॉम्बने समजावून सांगायचा. दोघं गप्पा मारताहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो. बॉम्ब आधी दाखवला, घड्याळ दाखवलं आणि मग त्याच गप्पा चालू ठेवल्या, तर पंधरा मिनिटं जीव टांगणीला लागतो. बाथरूम हा पहिला प्रकार, जिना दुसरा. पहिला एकदाच चालतो. दुसरा दहाव्यांदा पाहतानाही चालतो.

खासगी गुप्तहेर आर्बोगास्ट टोपी काढून, मोकळ्या चेहऱ्याने जिना चढतो. चित्रीकरणाच्या दिवशी हिचकॉक आजारी होता, म्हणून सहकाऱ्यांनी कठड्यावरचा हात, पायऱ्यांवरची पावलं असे तुकडे घेऊन ठेवले. हिचकॉकने ते टाकून दिले. हात आणि पावलं अशी वेगळी दाखवली की चढणारा माणूस काहीतरी वाईट करायला चालला आहे असं वाटतं. इथे तो निष्पाप दिसायला हवा होता. म्हणून एकच साधा शॉट, माणूस चढतोय आणि कॅमेरा त्याच्यासमोर मागे सरकतोय. हौशी लघुपट करणाऱ्यांनी ही गोष्ट वहीत लिहून ठेवावी. प्रत्येक पावलाचा क्लोजअप घेऊन वाढतं ते फूटेज.

मग दाराच्या फटीतून प्रकाशाची रेघ रुंदावते आणि कॅमेरा एकदम छताला जातो. याचं पहिलं कारण लबाडीचं आहे : वरून पाहिलं की ‘आई’चा चेहरा दिसत नाही, आणि लपवला असंही वाटत नाही. दुसरं कारण म्हणजे लांबच्या, उंच चित्रानंतर लगेच रक्ताने चिरलेला चेहरा पडदाभर येतो तेव्हा आकारातल्या त्या उडीनेच अर्धा धक्का बसतो. पुढे नॉर्मन आईला उचलून तळघरात नेतो तेव्हाही कॅमेरा जिना चढत न तुटता छतापर्यंत पोचतो, आणि आपण मायलेकांचं भांडण ऐकण्यात गुंगल्यामुळे ‘वरून का दाखवताहेत’ हा प्रश्न पडत नाही.

आर्बोगास्टचं मागे मागे जात पडणं आज खोटं वाटतं. ही भूमिका करणारा मार्टिन बालसम बसल्या जागी हात हलवतो आहे आणि मागे जिन्याचं आधी घेतलेलं चित्र चालू आहे. साठ वर्षांपूर्वीही कुणी तसं पडत नव्हतं. ते स्वप्नातल्या पडण्यासारखं आहे असं म्हणून आम्ही चालवून घेतो.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, मैत्रिणींनी पाहिला म्हणून हट्ट करते. आणि खरं सांगायचं तर मी स्वतः पाहिल्यापासून आंघोळीला कडी लावून दोनदा तपासते. – ठाणे

आधी तुमचं. तुम्ही एकट्या नाही. जॅनेट लीनेही तो प्रसंग पडद्यावर पाहिल्यानंतर शॉवर टाळल्याचं सांगितलं होतं. एका वडिलांनी हिचकॉकला लिहिल्याचा किस्साही प्रसिद्ध आहे : मुलगी आधी एका फ्रेंच चित्रपटामुळे टबात बसेना, आता तुमच्यामुळे शॉवरखाली जाईना, काय करू? हिचकॉकचं उत्तर होतं, ड्रायक्लीनिंगला पाठवा.

आपल्याकडे बादली-तांब्या असला तरी ही भीती पोचते, कारण ती शॉवरची नाहीच. अंगावर कपडा नाही, डोळ्यांत साबण, पाण्याच्या आवाजात बाहेरची चाहूल नाही आणि जागा एवढीशी. शिवाय मॅरियन त्याच वेळी सुधारलेली असते. कागदावर ४०,००० वजा ७०० असा हिशोब मांडून, उरलेले ३९,३०० परत करायचं ठरवून ती पाण्याखाली उभी राहते. पाप धुऊन निघतंय असं वाटत असतानाच घाव बसतो. ते मनाला जास्त लागतं.

भीती उतरवायचा एक सोपा उपाय आहे. दिवसाउजेडी तोच प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहा. भीतीतला मोठा वाटा लगेच गळून पडतो. मग आवाज चालू करून, चित्राकडे पाठ करून नुसतं ऐका. मग तुकडे मोजत पुन्हा पाहा. मोजणारं मन घाबरत नाही. रात्री झोपण्याआधी हे करू नका. पंधरवडा उलटूनही झोप उडत असेल किंवा आंघोळच टाळावीशी वाटत असेल, तर समुपदेशकाशी बोलण्यात कमीपणा नाही.

मुलीचं वय आमच्या मते दोन-तीन वर्षं कमी पडतं. रक्त हे कारण नाही, ते आजच्या वेबमालिकांपुढे काहीच नाही. चोरून पाहणारा पुरुष, मेलेली आई जपणारा मुलगा, प्रेमळ वाटणारा माणूसच मारेकरी निघणं, हे पचायला जड आहे. हट्ट मोडणारच नसेल तर तिच्यासोबत बसा, दुपारी पाहा, आणि संपल्या संपल्या उठू नका. एकटीने रात्री मोबाइलवर पाहणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. लपूनछपून पाहिलेली भीती बोलूनही दाखवता येत नाही.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात खेळ लावायचा आहे. मध्यंतर कुठे घ्यावं? – कोल्हापूर

घेऊच नका. चित्रपट १०९ मिनिटांचा आहे. चहा आधी द्या. बरोबर मध्यावर थांबवलात तर ते साफसफाईच्या ऐन मध्यात येईल, आणि नॉर्मनशी जुळत आलेलं प्रेक्षकाचं मन बटाटेवड्यावर जाईल. सभागृहाचा नियमच असेल तर गाडी पूर्ण बुडाल्यावर थांबा. पुढचा प्रसंग मॅरियनचा प्रियकर सॅम याच्या हार्डवेअरच्या दुकानात सुरू होतो, तिथे सांधा आहे.

बाकी तयारी अशी. घरगुती डिस्क किंवा ओटीटीचं खातं सार्वजनिक खेळाला चालत नाही, वितरकाकडून प्रदर्शनाची परवानगी आधी घ्या. चित्र १.८५ : १ या प्रमाणात हवं. १६ : ९च्या पडद्यावर वरखाली अगदी बारीक काळ्या पट्ट्या दिसतील, त्या दिसल्या की समजा बरोबर आहे. चौकोनी दिसणारी जुनी टीव्हीची प्रत टाळा. वरखाली जास्त दिसतं म्हणून ती पूर्ण वाटते, पण त्यात चौकटी सैल पडतात.

इंग्रजी सबटायटल लावणार असाल तर कमी ऐकू येणाऱ्यांसाठीची प्रत निवडू नका, अर्थात प्रेक्षकांत कुणाला ती लागत नसेल तर. तिच्यात आवाजांचं वर्णन लिहून येतं, कधी बोलणाऱ्याचं नावही येतं, आणि आईच्या आवाजापुढे चुकीचं नाव झळकलं की खेळ खलास. प्रत्यक्षात तो आवाज व्हर्जिनिया ग्रेग, जीनेट नोलन आणि पॉल जॅस्मिन अशा तिघांचा मिळून केलेला आहे, म्हणून तो नेमका कुणाचा हे कानाला पकडता येत नाही.

वेळ झाली की दार लावा आणि ते तिकिटावर आधीच छापा. भाषण चित्रपटानंतर. प्रास्ताविक करणारे सर ‘तो सुप्रसिद्ध शेवट’ असं बोलून जातात, हा धोका दलदलीपेक्षा मोठा आहे. लोक भलत्या जागी हसले तर बिथरू नका. हिचकॉक या चित्रपटाला विनोद म्हणायचा आणि ते अर्धं खरं आहे.

प्रश्न : शेवटी मानसोपचारतज्ज्ञ लांबलचक भाषण देतो. सगळा परिणाम घालवला असं वाटलं. – रत्नागिरी

भाषण लांब आहे, हे कबूल. १९६०च्या प्रेक्षकाला ‘म्हणजे आई कोण होती’ हे नीट समजावून सांगावं लागेल, ही भीती त्यामागे होती. आज ते जड जातं. आजारासंबंधी माहिती म्हणून तर ते मुळीच घेऊ नका. मानसिक आजार असलेली माणसं एरवी हिंसक नसतात, उलट त्यांनाच इतरांकडून त्रास होण्याची शक्यता जास्त असते. ‘सायको’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जातो, त्यात या चित्रपटाचाही हात आहे.

तरी ते भाषण कापून टाकावं असं आम्ही म्हणणार नाही. त्या पाच मिनिटांत तुम्ही सैलावता. उजेडाची खोली, सूट घातलेली माणसं, प्रत्येक गोष्टीला कारण. मग एक पोलीस घोंगडी घेऊन जातो आणि कॅमेरा त्या रिकाम्या भिंतीच्या खोलीत शिरतो. नॉर्मन बसलेला असतो, आवाज आईचा. हातावर माशी बसते, तो तिला मारत नाही. नजर वर येते, हसतो, आणि त्या हसण्यावर क्षणभर कवटीचे दात उमटतात. टीव्हीचा ब्राइटनेस जास्त असेल तर हे दात पुसट होऊ शकतात, म्हणून तेवढ्यासाठी तरी तो कमी करून ठेवा.

प्रश्न : पडद्यावर ‘शुक्रवार, ११ डिसेंबर’ असं येतं, पण पूर्ण चित्रपटात कुणी नाताळचं नावही काढत नाही! – पणजी

नजर तीक्ष्ण आहे. फिनिक्सच्या रस्त्यांचं चित्रण आणलं तेव्हा मागे नाताळची सजावट दिसत होती. पुन्हा चित्रण करण्यापेक्षा तारीख टाकणं स्वस्त पडलं.

प्रश्न : बाजारात दोन-तीन आवृत्त्या आहेत. कोणती घ्यावी? – पुणे

२०२०मध्ये, साठ वर्षं झाली तेव्हा निघालेली फोर-के आवृत्ती घ्या. तिच्यात अमेरिकेतल्या प्रतीतून पूर्वी वगळलेले काही सेकंद परत आले आहेत : भिंतीच्या भोकातून दिसणारी मॅरियन थोडी जास्त वेळ, नॉर्मनच्या हातांवरचं रक्त थोडं जास्त, आर्बोगास्टवर एकाऐवजी आणखी घाव. डिस्कच्या पाठीवर ‘अनकट’ लिहिलंय का ते बघा, कारण तिच्यात दोन्ही प्रती असतात आणि मेनूमध्ये निवडावं लागतं. न निवडता प्ले दाबलं तर नेहमीचीच प्रत लागण्याची शक्यता आहे.